सेकंड-हँड रिकर्व्ह धनुष्य : साइट संपली तरी बाण डावीकडेच का जातात?

प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो. तुम्ही इंदूरचे. मुलगी चौदा वर्षांची, उजव्या हाताने दोरी ताणते. तिच्यासाठी जुनं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेतलंय : २५ इंची रायझर (मधला पकडीचा भाग), शॉर्ट लिम्ब (वर-खालच्या वाकणाऱ्या पट्ट्या), म्हणजे ६६ इंची धनुष्य. लिम्बवर २८ पौंड लिहिलंय आणि मुलीचा ताण (दोरी ओढण्याचं अंतर) २६ इंच आहे. सोबत मिळालेले कार्बनचे बाण ३० इंच लांब, स्पाइन (ताठपणाचा आकडा) ६००. १८ मीटरवर बाण डावीकडे लागतात आणि साइटची (नेम धरायच्या साधनाची) पिन डावीकडे शेवटपर्यंत सरकवली तरी वीतभर डावीकडेच. तर दुसरी, जास्त सरकणारी साइट घ्यावी का, असं तुम्ही विचारताय.

घेऊ नका. पिन डावीकडे संपते तेव्हा ती दुसऱ्याच कुठल्यातरी चुकीची भरपाई करत असते. तुमच्या बाबतीत बाण या धनुष्यासाठी फार कडक आहेत, एवढं आकड्यांवरूनच दिसतंय. तरीही बाण मागवण्याआधी धनुष्य क्रमाने लावून घ्या. या कामात क्रम चुकला की सगळी मेहनत वाया जाते, कारण प्रत्येक गोष्ट तिच्या आधीच्या गोष्टीवर उभी असते.

पहिली गोष्ट, तिच्या हातात खरोखर किती पौंड येतात? लिम्बवरचा आकडा २८ इंच ताणासाठी असतो. हा ताण दोरीपासून पकडीच्या सर्वांत खोल जागेपर्यंत मोजून त्यात पावणेदोन इंच मिळवून धरतात. ताण एक इंच कमी झाला की साधारण दोन पौंड उतरतात. म्हणजे तिच्या बोटांवर २४ पौंडांच्या आसपास येतात. सामान तोलायच्या हुकाच्या डिजिटल काट्याने दोरी तिच्या ताणापर्यंत ओढून वाचा, नेमका आकडा मिळेल. चौदा वर्षांच्या मुलीला २४ पौंड ठीक आहेत, पण पूर्ण ताणावर दहा सेकंद खांदा न उचलता थांबता येतं का ते बघा. येत नसेल तर आधी हलके लिम्ब घ्या. थरथरत्या हाताने सोडलेल्या बाणांवरून धनुष्य लावता येत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्याची. उजव्या हाताने ताणणाऱ्या मुलीचा डावा डोळा प्रबळ असेल आणि ती दोन्ही डोळे उघडे ठेवत असेल, तर बाण डावीकडेच जातो. तपासणी सोपी आहे. दोन्ही तळहातांमध्ये छोटी खिडकी करून दूरची एखादी वस्तू बघायला सांगा, मग डावा डोळा मिटायला लावा. वस्तू खिडकीतून गायब झाली तर डावा डोळा प्रबळ. मात्र या कारणाने १८ मीटरवर बाण मीटरभराहूनही जास्त सरकतो आणि टार्गेटच्या बाहेरच जातो. तुमची चूक तेवढी मोठी वाटत नाही, तरी अर्ध्या मिनिटाची तपासणी आहे, करून टाका.

आता धनुष्य. सेकंड-हँड असल्यामुळे लिम्बच्या कडांवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवा. धागे अडकले त्या जागी भेग किंवा थर सुटलेला असू शकतो. असा लिम्ब वापरायचा नाही, चिकटवायचाही नाही. दोरी चढवताना नेहमी स्ट्रिंगर (त्यासाठीची खास दोरी) वापरा. पायात अडकवून वाकवल्याने लिम्ब पिळतो, आणि जुन्या धनुष्यांत हा दोष फार आढळतो. ॲलन की घेताना मिलिमीटर आणि इंच असे दोन्ही संच घ्या, इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळतील. अमेरिकी बनावटीच्या रायझरवर पुष्कळदा इंची स्क्रू असतात. त्यात जवळच्या मापाची मिलिमीटरची चावी बसल्यासारखी वाटते आणि स्क्रूचं डोकं गोल करून टाकते.

दोरी चढवून धनुष्य खुर्चीच्या पाठीला टेकवा आणि मागून बघा. दोरी वरच्या लिम्बच्या मध्यावरून, रायझरच्या मध्यावरून आणि खालच्या लिम्बच्या मध्यावरून एका रेषेत गेली पाहिजे. लांब स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा पुढचा दांडा) लावला असेल तर तोही त्याच रेषेत दिसायला हवा. एखादा लिम्ब बाजूला झुकत असेल तर रायझरच्या बनावटीप्रमाणे बाजूच्या स्क्रूने किंवा पातळ वॉशरने तो मध्यावर आणतात. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाकड्या रेषेवर प्लंजर (बाणाला बाजूने आधार देणारं स्प्रिंगचं बटण) लावला तर बाण एका अंतरावर बरोबर लागेल आणि दुसऱ्यावर चुकेल, आणि कारण सापडणार नाही.

मग टिलर, म्हणजे दोन्ही लिम्बच्या दोरीपासूनच्या अंतरांतला फरक. वरच्या लिम्बच्या बुडापासून दोरीपर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजा, खालच्याचंही मोजा. एक बोट नॉकच्या (बाणाच्या मागच्या खाचेच्या) वर आणि दोन खाली, अशी पकड असेल तर वरचं अंतर ३ ते ६ मिलिमीटरने जास्त हवं. खाली दोन बोटं ओढतात म्हणून खालचा लिम्ब किंचित कडक ठेवतात. लिम्बचे बोल्ट दोरी उतरवूनच फिरवा आणि बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे सैल करू नका.

ब्रेस हाइट म्हणजे दोरीपासून पकडीच्या खोल भागापर्यंतचं अंतर. ६६ इंची धनुष्याला सव्वाआठ ते पावणेनऊ इंचांत सुरुवात करा. दोरीला पीळ वाढवला की ती आखूड होते आणि ब्रेस हाइट वाढते. पीळ द्यायचा तो मधल्या गुंडाळीच्या दिशेनेच, नाहीतर गुंडाळी सैल पडते. प्रत्येक वेळी तीन-चार पीळ बदलून पाच-सहा बाण सोडा आणि कान द्या. जिथे आवाज सर्वांत कमी आणि हाताला कंप सर्वांत कमी, ती तुमच्या धनुष्याची जागा. तो आकडा वहीत लिहा. नवी दोरी पहिले शंभरेक बाण ताणत राहते, तोवर रोज मोजा.

नॉकिंग पॉइंट म्हणजे दोरीवर बाण अडकवायची जागा. ती ठरवायला बो-स्क्वेअर (काटकोनी मापपट्टी) लागतो. ती स्वस्त वस्तू आहे, पट्टीने भागवू नका. स्क्वेअर दोरीला अडकवून रेस्टवर (बाण टेकायच्या तारेवर) टेकवा आणि वरच्या गाठीची खालची कड शून्यापासून १२ मिलिमीटर वर ठेवून सुरुवात करा. पितळी कडीपेक्षा दोऱ्याची गाठ बरी. ती हलकी असते आणि फिरवून वर-खाली करता येते. नॉक दोरीवर हलका ‘टक’ आवाज करून बसला पाहिजे आणि बाण खाली लोंबता ठेवून दोरीवर बोटाने टिचकी मारली की सुटला पाहिजे. घट्ट नॉक बाणाला ऐन वेळी धरून ठेवतो आणि तुम्ही दोष रेस्टला देत बसता.

आता बाणाची बाजू. धनुष्यामागे उभं राहून दोरी लिम्बच्या मध्यावर आणा आणि बाणाचं टोक बघा. उजव्या हाताच्या तिरंदाजासाठी टोक दोरीच्या किंचित डावीकडे, दीड ते तीन मिलिमीटर बाहेर दिसायला हवं. जास्त बाहेर असेल तर प्लंजर आत घ्या. प्लंजरच्या बटणाचा मध्य बाणाच्या मध्यावर टेकतो का, ते रेस्टची उंची बदलून जुळवा. वरून बघताना रेस्टची तार बाणाच्या बाहेर डोकावता कामा नये. प्लंजरची स्प्रिंग मध्यम ठेवा. साइटची पिन बाणाच्या थेट वर आणा, म्हणजे डावीकडे टोकाला नेलेली पिन आता परत मधे घ्यायची.

इथपर्यंत आल्यावर पिसांशिवायच्या बाणाची चाचणी घ्या. खरी माहिती हीच चाचणी देते. सहापैकी दोन बाणांची पिसं काढा आणि तेवढ्याच वजनाची चिकटपट्टी त्या जागी गुंडाळा, म्हणजे तोल बदलणार नाही. आधी ८-१० मीटरवरून मऊ टार्गेटवर सोडा, कारण बिनपिसांचा बाण तिरका घुसतो आणि कडक टार्गेटवर मोडतो. मग १८ मीटरवर जा. पिसांचे बाण एका घोळक्यात लागायला लागले तरच निकाल वाचा. घोळका नसेल तर चाचणीला अर्थ नाही.

आधी फक्त उंची बघा. बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या वर लागले तर नॉकिंग पॉइंट खाली आहे, तो वर घ्या. खाली लागले तर खाली घ्या. एका वेळी एक-दीड मिलिमीटर. उंची जुळली की मगच डावं-उजवं. उजव्या हाताच्या तिरंदाजासाठी बिनपिसांचे बाण डावीकडे म्हणजे बाण कडक, उजवीकडे म्हणजे बाण लवचिक. तुमचे डावीकडे जाणार.

त्याचं कारण असं. बाण सुटताना सरळ जात नाही. बोटांवरून दोरी घसरताना तो बाजूला वाकतो, रायझरला वळसा घालतो आणि वाटेत सावरतो. किती वाकायचं ते त्याच्या ताठपणावर ठरतं. २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर बाण ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं आणि तो इंचाच्या किती हजारांश वाकला ते बघायचं. तोच स्पाइनचा आकडा. ६०० चा बाण ०.६ इंच वाकतो, १००० चा पुरा एक इंच. आकडा जितका मोठा तितका बाण लवचिक. २४ पौंडांचं धनुष्य ६०० च्या बाणाला पुरेसं वाकवू शकत नाही, म्हणून तो रायझरकडून ढकलल्यासारखा डावीकडे जातो.

कडक बाण थोडा लवचिक वागावा म्हणून तीन उपाय असतात : प्लंजरची स्प्रिंग सैल करणं, धनुष्याचे पौंड वाढवणं किंवा बाणाला जड टोक लावणं. ८० ग्रेनच्या जागी १०० किंवा १२० ग्रेनचं टोक लावून पाहता येतं (१०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास). पण हे उपाय थोड्या फरकासाठी आहेत. तुमच्या इथला फरक मोठा आहे, आणि मुलीचे पौंड बाणासाठी वाढवणं तर मुळीच करू नका, खांदा जायचा. साइटला जे पैसे देणार होतात त्यात बाण घ्या : ९०० ते १००० स्पाइनचे, २८ इंच लांब, सहा नग. तिचा ताण अजून वाढेल, म्हणून दोन इंच जास्तीचे ठेवा. कापणं केव्हाही जमतं, वाढवणं नाही. कोणता आकडा ते बाण बनवणाऱ्याच्या तक्त्यात काट्याने मोजलेले पौंड आणि बाणाची लांबी टाकून पक्कं करा. लिम्बवर छापलेले २८ पौंड टाकलेत तर पुन्हा कडकच बाण येतील.

नवे बाण आले की हीच चाचणी पुन्हा करा. १८ मीटरवर बिनपिसांचे बाण बाकीच्यांपासून चार बोटांच्या आत आले की या टप्प्यावर पुरे. राहिलेला फरक प्लंजरच्या स्प्रिंगने, पाव-पाव फेरा फिरवून काढा. पिसं रेस्टला घासतात अशी शंका आली तर रेस्टवर टाल्कम पावडर टाकून एक बाण सोडा, घासल्याची रेघ दिसेल.

साइट सर्वांत शेवटी. सहा बाण सोडा, एकट्या भरकटलेल्या बाणाकडे लक्ष देऊ नका, घोळक्याचा मध्य बघा आणि पिन त्या दिशेने हलवा. घोळका डावीकडे तर पिन डावीकडे, वर तर पिन वर. १०, १८ आणि ३० मीटरच्या खुणा पट्टीवर पेन्सिलीने करा. मग पिन १८ वरच ठेवून, टार्गेटच्या वरच्या भागातल्या एकाच खुणेवर नेम धरत १८ पासून मागे मागे जात बाण सोडा. ते उभ्या रेषेत खाली उतरत गेले तर धनुष्य लागलं. रेष डावीकडे तिरपी झाली तर प्लंजर थोडा आत घ्या, उजवीकडे झाली तर बाहेर.

एवढं करूनही कधी डावीकडे, कधी उजवीकडे होत असेल तर धनुष्याला हात लावू नका. दोरी धनुष्य धरलेल्या हाताच्या आर्मगार्डला लागते का बघा, तसं झालं की बाण डावीकडे जातो. ताणल्यावर डोळ्यासमोर दोरीची धूसर रेघ दर वेळी रायझरच्या त्याच जागी दिसते का, ते तिला विचारा. पकड मुठीत आवळली तर रायझर पिळतो. बोटात स्लिंग (धनुष्य पडू न देणारा पट्टा) घालून हात सैल ठेवायला शिकवा.

काही गोष्टी पक्क्या पाळा. बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही, त्याने लिम्ब फुटतात. प्रत्येक वेळी कार्बनचा बाण दोन्ही बाजूंनी वाकवून कान द्या. कडकड ऐकू आली तर तो बाण मोडून फेका, तो सुटताना हातात फुटतो. रामबाग किंवा लोकमान्य नगरसारख्या दाट वस्तीत गच्चीवर नेम धरायचा नाही, मागे कितीही गाद्या लावल्या तरी. मे महिन्यात धनुष्य बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने लिम्बचे थर सुटतात. पावसाळ्यात दोरीला मेण लावा आणि लिम्ब पुसून कोरडे ठेवा. राज्याची तिरंदाजी अकादमी जबलपूरला आहे, प्रत्येक लहान दुरुस्तीसाठी तिकडे जाणं होत नाही. म्हणून ब्रेस हाइट, टिलर, नॉकिंग पॉइंट आणि प्लंजरचे फेरे वहीत लिहून ठेवा. दोरी बदलली की हेच आकडे परत लावायचे असतात.

शेवटी तुमच्या भाच्याची सूचना : याच धनुष्याला पात्यांची टोकं लावून शेतातल्या नीलगाई आणि रानडुकरं मारायची. याला स्पष्ट नकार द्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे ही शिकार आहे आणि गुन्हा आहे. पिकाचं नुकसान होत असलं तरी कायद्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही हे करता येत नाही. नुकसानभरपाईसाठी तहसील कार्यालयात विचारा. शिवाय २४ पौंडांचा बाण जनावराला मारत नाही, जखमी करून सोडतो. ते दिवसेंदिवस तडफडत फिरतं. पात्यांची टोकं घरातच ठेवू नका.