रोपवे नको म्हणणारे पाहुणे

प्रश्न: पुण्याहून कॉलेजचे मित्र येतायत, सगळे सह्याद्रीवाले, रोपवे म्हटलं की नाकं मुरडतात. पावागड पायी चढायचा आणि खाली चांपानेरला वडा तळावाच्या काठची खजुरी मशीदही बघायची, एका दिवसात होईल का? आधी काय करायचं?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: होईल की. फक्त गड आधी, तळं नंतर. उलटं केलंत तर भर दुपारी तापलेल्या दगडांवरून चढाल आणि मित्र तुम्हाला शिव्या घालतील. बडोद्याहून साधारण पन्नास किलोमीटर, हालोलमार्गे, तेव्हा उजाडताना निघा. बहुतेक लोक गाडी थेट अर्ध्या डोंगरावरच्या माचीपर्यंत नेतात, तुम्ही ती चांपानेरलाच लावा आणि जुन्या वाटेनं दरवाजे बघत बघत माची गाठा, खरी मजा त्याच टप्प्यात आहे, वर नंतर पायऱ्या आणि दुकानंच जास्त. कुणाचे गुडघे कुरकुरले तर माचीहून रोपवे आहेच, पण त्यातून उतरल्यावरही माथ्यावरच्या कालिका मातेच्या देवळापर्यंत पायऱ्या चढाव्या लागतातच, हे आधीच सांगून ठेवा. वर दुधिया तळावाजवळ बसून डबा खा.

पुणेकरांना एक गोष्ट नक्की सांगा, हा गड शिंद्यांकडे होता, 1803 मध्ये इंग्रजांनी घेतला, पुढच्या वर्षी परत दिला, आणि 1853 मध्ये पंचमहालचा, म्हणजे या अख्ख्या भागाचा, कारभारच इंग्रजांकडे गेला. मग बघा उतरताना कसे गप्पा मारत उतरतात!

खाली आल्यावर आधी जामी मशीद करा, तिला तिकीट आहे आणि ती संध्याकाळी बंद होते. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्यानं 1484 मध्ये पावागड घेतला आणि राजधानी इथे आणली, त्या काळाची ही इमारत, खांबच 172 आहेत. मग वडा तळाव. खजुरी मशिदीची बरीच पडझड झालीय, फार अपेक्षा ठेवून जाऊ नका, पण अर्धवट भिंतींवरचं कोरीवकाम अगदी जवळ जाऊन बघा. काठावरच्या कबुतरखान्याकडूनही एक फेरी मारा, सकाळी चढलेला डोंगर तळ्यापलीकडे अख्खा दिसतो. पाऊस संपता संपता गेलात तर तळं भरलेलं मिळेल, मेमध्ये मात्र नुसता चिखल बघायची तयारी ठेवा.

आणि नवरात्रात, चैत्रातल्या किंवा आश्विनातल्या, अजिबात जाऊ नका. रविवारही टाळलेलाच बरा.