आधी बघ, बनवलाय कोणी आणि आणलाय कोणी

‘मोबाइल गेमची सगळ्यात भारी कंपनी कोणती?’ या प्रश्नाला नीट उत्तर नाही रे. गेम बनवणारा आणि बाजारात आणणारा बऱ्याचदा वेगळे असतात. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलवर नाव ॲक्टिव्हिजनचं, पण बनवला टेन्सेंट या चिनी कंपनीच्या टिमी स्टुडिओने. आणणाऱ्यालाही कमी लेखू नकोस: 2020 मध्ये आपल्याकडे टेन्सेंटने आणलेल्या पबजी मोबाइलवर बंदी आली, पुढच्या वर्षी क्राफ्टन या कोरियन कंपनीने जवळपास तोच खेळ बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) म्हणून स्वतः आणला.

माझं मत विचारशील तर सुपरसेल. हेलसिंकीची कंपनी, छोट्या छोट्या टीम्स, न जमलेला गेम स्वतःच बंद करायची हिंमत. 2012 चा क्लॅश ऑफ क्लॅन्स अजून खेळला जातोय! मात्र गेम फुकट असला तरी जेम्स (गेममधलं चलन) खऱ्या पैशांनी घ्यायचा मोह होतोच, तेव्हा खरेदीला पासवर्ड लावून ठेव.

तो त्रासच नको असेल तर उस्तू (ustwo) कंपनीचा मॉन्युमेंट व्हॅली हा कोड्यांचा गेम घे. पैसे एकदाच, जाहिराती नाहीत. लवकर संपतो, हीच काय ती तक्रार.

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा इंडस हा गेमही बघ. आपला म्हणून नव्हे, साध्या फोनवर चालावा असा बनवलाय म्हणून. डाउनलोड करण्याआधी शेवटचा अपडेट कधीचा ते मात्र तपास.