वर्षाच्या आत रांगोळी काढली तर चालेल का?

मी समुपदेशक आहे. मार्गशीर्ष लागला की माझ्याकडे येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. घरातलं कुणीतरी गेलेलं असतं, वर्ष व्हायचं असतं, आणि सण येऊन ठेपतात. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात जायचं का? भोगीची भाजी-भाकरी शेजारी द्यायची का? तिळगूळ वाटायचा का? सोलापुरात यात आणखी गड्ड्याची, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जानेवारीतल्या यात्रेची, भर पडते. अख्खं शहर रस्त्यावर असतं, मग आपण दार लावून आत बसायचं का? विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. निर्णय घरातल्या कुणीही घेतला तरी तो निभवायचा त्यांनाच असतो.

अशाच एका ताईंची हकिगत त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीच्या जरा अलीकडे. यजमान टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, आषाढात हृदयविकाराच्या झटक्याने गेले. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी बारावीला. घर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीच्या वाटेवर. ताईंना माझ्याकडे मुलीनेच आणलं. "आई झोपत नाही. रात्री उठून काहीतरी करते, विचारलं तर सांगत नाही," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली.

दुःखात असलेल्या माणसाला मी काही गोष्टी आधी सरळ विचारून घेते. जेवण जातं का, झोप किती लागते, रोजची कामं होतात का, आणि "आपणही जावं, संपवावं" असा विचार मनात येतो का. हे शेवटचं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट विचारल्यावर माणूस सुटकेने बोलतो, हा माझा कायमचा अनुभव आहे. ताईंना तसं काही वाटत नव्हतं. जेवण कमी झालं होतं, पहाटे तीनलाच जाग यायची. पण मुलीचा डबा, बँकेची कागदपत्रं, सासूबाईंची औषधं, सगळं त्या वेळच्या वेळी करत होत्या.

मग रात्री काय करता, असं मी विचारलं. बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. नंतर म्हणाल्या, "रांगोळी काढते ओ मॅडम. मागच्या स्वयंपाकघरात. आणि सगळे उठायच्या आत पुसून टाकते."

रांगोळी हा त्यांचा लहानपणापासूनचा छंद. छंद म्हणजे दारातल्या चार ठिपक्यांपुरता नाही. गड्ड्याच्या दिवसांत नंदीध्वजांच्या वाटेवर रांगोळीच्या लांबच लांब पायघड्या घालतात, त्या घालणाऱ्या बायकांच्या गटात त्या बरीच वर्षं होत्या. रंग कुठला किती लागेल हा हिशेब त्यांचाच असायचा. रंगाची पोती दुकानातून मोटारसायकलवर आणायचे ते यजमान. रात्री काम चाले तेव्हा बॅटरी धरून उभे राहायचे, अंतरावरून बघून "डावीकडची पाकळी बारीक झाली" असं सांगायचे. ते गेल्यावर रांगोळीचे डबे माळ्यावर गेले. दारातली रांगोळीही बंद झाली, ती सकाळी मोठ्या जाऊबाई काढू लागल्या.

एका रात्री झोप येईना म्हणून त्यांनी डबा खाली काढला. दिवा न लावता, मोबाईलच्या उजेडात, शहाबादी फरशीवर एक कमळ काढलं. "चिमटीतून धार बरोबर पडत होती. हात विसरला नव्हता. मला बरं वाटलं, मॅडम. आणि तेच फार वाईट वाटतंय." ओल्या फडक्याने पुसलं तरी फरशीच्या सांध्यांत पांढरं राहायचं. मुलीने पाहिलं होतं ते तेच.

ताईंना मी त्या दिवशी रांगोळीबद्दल काहीच सल्ला दिला नाही. "बरं वाटलं म्हणून वाईट वाटतं" एवढ्यावरच आम्ही बोलत राहिलो. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. लोक काय म्हणतील हे नंतर येतं. आधी माणसाचा स्वतःवरच आरोप असतो: मला आनंद झाला म्हणजे मी त्यांना विसरायला लागले. दुःख जेवढं जास्त तेवढं प्रेम जास्त असा हिशेब आपण नकळत मांडतो, आणि मग हसू आलं, भाजी चवीची लागली, गाणं गुणगुणलं, तरी अपराध केल्यासारखं वाटतं.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये दुःखाविषयी एक मांडणी केली, ती मला रोजच्या कामात फार उपयोगी पडते. दुःखातला माणूस सारखा एकाच जागी राहत नाही. काही वेळ तो गेलेल्या माणसापाशी असतो, आठवणीत, रडण्यात. काही वेळ पुढच्या जगण्याकडे वळतो: वीजबिल, मुलीची परीक्षा, एखादं हातातलं काम. मग परत मागे. ही ये-जा चालू राहणं हीच सावरण्याची वाट आहे, आणि त्यात थोडी विश्रांती लागतेच. ताईंना मी हे सांगितलं आणि विचारलं, रांगोळी काढताना यजमान आठवत होते का? "तर! पाकळी बारीक झाली का हेच बघत होते मी," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या. ज्या कामाने आपण त्यांना विसरतोय अशी भीती वाटत होती, त्याच कामात ते त्यांच्या सगळ्यात जवळ होते.

पुढच्या भेटीत धर्माचा विषय त्यांनीच काढला. घर वीरशैव लिंगायत, सिद्धरामेश्वरांवर सगळ्यांची गाढ श्रद्धा. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्यांनी सोलापुरात ६८ लिंगं स्थापन केली. १३ जानेवारीला नंदीध्वज त्या लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात, १४ ला सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. कुंभारकन्येचा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी विवाह झाला, त्याचा हा सोहळा. ताईंच्या मनात तेच अडकलं होतं. लग्नाच्या अक्षता आपण कशा टाकायच्या? आणि ज्या वाटेने ते लग्नाला निघणार, त्या वाटेवर आपल्या हातची रांगोळी कशी चालेल?

धर्म काय म्हणतो हे सांगायचा अधिकार समुपदेशकाचा नाही, असं मी मानते. मी एवढंच म्हटलं, की ज्यांच्या शब्दावर तुमचा विश्वास आहे त्यांना विचारा, मनातल्या मनात निकाल लावू नका. त्यांनी घरी येणाऱ्या स्वामींना विचारलं. स्वामींनी त्यांना माहीत असलेलीच गोष्ट आठवण करून दिली. शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या लिंगायत संतांनी, पंचसूतकं मानली नाहीत. जन्माचं, मृत्यूचं, पाळीचं, उष्ट्याचं आणि जातीचं, ही ती पाच. गळ्यात इष्टलिंग आहे त्याला मरणाचा विटाळ नाही. ताईंनी येऊन मला हे सगळं नीट सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, "धर्मात नाही ओ, पण गल्लीत आहे की."

हे अगदी खरं होतं. म्हणून मग गल्लीकडे वळलो.

गल्ली म्हणजे नेमकं कोण, हे मी विचारलं. नावं घ्यायला लावली. शेवटी एकच वाक्य हाती लागलं. मोठ्या जाऊबाई दिवाळीनंतर म्हणाल्या होत्या, "यंदा राहू दे तुझं रांगोळीचं." बाकी कुणी काहीच बोललं नव्हतं. त्या एका वाक्यावर ताईंनी दोन महिने काढले होते, पण जाऊबाईंना त्याचा अर्थ विचारला नव्हता. काय शब्दांत विचारायचं ते आम्ही खोलीत बोलून पाहिलं. आवाज चढवायचा नाही, टोमणा नाही, आणि उत्तर नको असलेलं आलं तर लगेच भांडायचंही नाही. त्यांनी विचारलं, "अक्का, तुम्ही राहू दे म्हणालात ते मी दमलेय म्हणून, का लोकांमुळं?" जाऊबाई म्हणाल्या, "दोन्ही. खोटं कशाला बोलू?"

मला ते उत्तर आवडलं. काळजीही असते आणि भीतीही असते, एकाच माणसात, एकाच वाक्यात. आपण त्यातलं एकच ऐकतो. जाऊबाईंशी पुढे बोलणं झालं तेव्हा कळलं, की त्यांना लोकांच्या बोलण्यापेक्षा हिचं रस्त्यावर रडू कोसळेल याची धास्ती जास्त होती. ठरलं ते असं: रांगोळी गटाबरोबरच काढायची, पण घरासमोरच्या भागात. नको वाटलं तर कुणालाही न सांगता आत निघून यायचं, कुणी हाक मारायची नाही.

१३ च्या आदल्या रात्री त्यांनी चाळणीने रंगाचे थर दिले, कडेची नक्षी काढली. मुलीने बॅटरी धरली. मध्ये एकदा त्या आत गेल्या, तोंड धुतलं, थोडा वेळ बसल्या आणि परत आल्या. अक्षतेला मात्र गेल्या नाहीत. त्या गर्दीत यजमानांशिवाय उभं राहायची तयारी नव्हती. घरी सासूबाईंबरोबर टीव्हीवर सोहळा पाहिला. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" ऐकू आलं तेव्हा घरातच हात जोडले. मी त्यांना जायचा आग्रह केला नव्हता, आणि कुणी करूही नये. सण करायचा हक्क जसा त्यांचा, तसा न करायचाही त्यांचाच.

हळदीकुंकवाचं इतकं सोपं झालं नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीत रोज कुठे ना कुठे हळदीकुंकू असतं. एका घरातून बोलावणं आलं, दर वर्षी आधी सांगायला येणाऱ्या दुसऱ्या घरातून आलं नाही. मनाची तयारी आम्ही केली होती, तरी ते लागायचं तेवढं लागलंच. त्यावर पुढे बरंच बोलावं लागलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. या प्रश्नासाठी झटणारे प्रमोद झिंजाडे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळ्याचे. हे सगळं ताईंना ठाऊक होतं. पण ठरावाचा कागद शेजारणीच्या बैठकीच्या खोलीत पोचत नाही, तिथे घरची बाईच ठरवते.

म्हणून वाचणाऱ्या बायकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. यादी करताना अशी मैत्रीण वगळू नका, आणि तिला बोलावलं याचा गाजावाजाही करू नका. ताईंना एका कार्यक्रमात मंचावर बोलावून ओटी भरायचा बेत होता, त्यांनी नम्रपणे नकार दिला. "सगळे माझ्याकडे बघणार, टाळ्या वाजवणार. मला नुसतं सगळ्यांत बसायचंय," त्या म्हणाल्या. आदल्या दिवशी घरी जाऊन साध्या शब्दांत विचारा, तिला कुंकू हवं का तेही तिलाच विचारा, आणि ती नाही म्हणाली तर तिळगूळ घरी देऊन या.

सगळ्यांचं दुःख असं हळूहळू वाट काढत नाही, हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या दुःखाची वेगळी नोंद आहे. सहा महिने उलटून गेले तरी दिवसाचा बहुतेक वेळ त्याच विरहात जातो, रोजचे व्यवहार थांबतात, माणूस गेलंय हेच पटत नाही, अशी स्थिती असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. आणि जगणं नको झालं असं कुणी म्हणालं तर सहा महिन्यांची वाट बघायची नाही. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

ताईंची मुलगी गड्डा संपल्यावर एकटीच आली. आईला घेऊन येणारी, बॅटरी धरणारी, सांध्यातलं पांढरं ओळखणारी ही मुलगी. तिचेही वडीलच गेले होते. घरात सगळ्यांनी तिला "आईकडे लक्ष दे" एवढंच सांगितलं होतं. तिला यंदा संक्रांतीला काय हवं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा तेव्हाच विचारलं. "शेंगापोळी," ती म्हणाली, "बाबांना आवडायची म्हणून आईने केलीच नाही. मलापण आवडते." रथसप्तमीला अजून अवकाश होता. मी तिला म्हटलं, आज घरी जाऊन आईला हे सांग, आणि दोघी मिळून करा.