आठवड्याला किती किलोमीटर?

प्रश्न : सहा महिने आठवड्याला २५ किमी धावते. बुधवारी ५, शुक्रवारी ५, रविवारी १५. येत्या जानेवारीत मुंबईला पूर्ण मॅरेथॉन करायची आहे. ॲपच्या आराखड्यात मात्र ६५ किमीचे आठवडे आहेत. झेपतील का? वय ३८, वेग किलोमीटरला ७ मिनिटे. (ठाणे)

उत्तर : ६५ ची तुम्हाला गरजच नाही. किलोमीटरला ५ मिनिटे घेणाऱ्याचे ६५ किमी साडेपाच तासांत उरकतात, तुम्हाला तेवढ्यालाच साडेसात तास लागतील. हिशेब तासांचा धरा. तुमचे ४५ म्हणजे त्याचे ६३.

आधी वाटणी सुधारा. सध्या २५ पैकी १५ किमी एकट्या रविवारी पडतात, तेही तीनच दिवसांच्या धावण्यात. पहिले दोन आठवडे बेरीज तीच ठेवून चार दिवस धावा : मंगळवारी ५, गुरुवारी ६, शनिवारी ४, रविवारी १०. मग ३० वर जा. तीन आठवडे ३०, चौथ्या आठवड्यात पाव भाग कमी, त्यानंतर ३५. त्याच रीतीने ४० आणि शेवटी ४५. ‘दर आठवड्याला १० टक्के वाढवा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, पण त्यात शरीराला एका आकड्यावर स्थिरावायला वेळच मिळत नाही. दम महिन्याभरात सुधारतो. हाडाचं तसं नसतं. ताण पडलेला भाग आधी पोखरला जातो, मग नव्याने भरतो, आणि या चक्राला तीन-चार महिने लागतात. म्हणूनच ‘आता छान जमतंय’ असं वाटायला लागतं, नेमकी तेव्हाच नडगी धरते.

४५ च्या टप्प्यात एक रविवार २५ किमीचा (बाकी ८, ८, ४) आणि पुढचा १८ किमीचा (बाकी १०, ११, ६) असा आलटून-पालटून ठेवा. लांब पल्ला आठवड्याच्या एक तृतीयांशाहून मोठा नको, हा नियम चार दिवस धावणाऱ्यांना पाळता येत नाही. त्याऐवजी तीन तासांची मर्यादा घाला. फार तर एकदाच सव्वातीन तास, म्हणजे २८ किमी. शेवटचे तीन आठवडे ३५, २५ आणि शर्यतीच्या आठवड्यात दोनदा ५. एकूण २० आठवडे झाले. शर्यत साधारण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे ऑगस्ट संपता संपता सुरुवात व्हायला हवी. दसऱ्यानंतर सुरू करणार असाल तर यंदा अर्ध मॅरेथॉन करा. घाईने केलेले किलोमीटर शेवटच्या टप्प्यातल्या पेडर रोडच्या चढावर उघडे पडतात.

ऑक्टोबरच्या उकाड्यात घड्याळातल्या वेगाकडे बघू नका, पूर्ण वाक्य बोलता येईल इतकंच धावा. आणि रविवारी रात्री सोसायटीच्या आवारात चकरा मारून ४३.६ चे ४५ करायचा मोह टाळा. सोमवार ते रविवार हा आठवडा ॲपचा आहे, पायांचा नाही.

प्रश्न : सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलंय, पण सांगलीत सगळं सपाट. आठवड्याला ४० किमी होतात. चढाची कसर जास्त किलोमीटर करून भरून काढू का? (सांगली)

उत्तर : नको, ४० पुरेत. यवतेश्वराच्या घाटात लोक चढाला घाबरतात आणि परतीच्या उतारावर मार खातात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो, आणि ती सवय सपाटीवर कितीही धावून लागत नाही. मधल्या वारच्या एका धावेऐवजी उड्डाणपूल गाठा. २ किमी हलकं धावून झालं की चार फेऱ्या : चढताना मिनिटभर एकसारखा जोर, उतरताना पावलं छोटी आणि भरभर, टाच पुढे रोवायची नाही. दर आठवड्याला एक फेरी वाढवत दहापर्यंत न्या. शर्यत पावसाळ्यात असते, तेव्हा ओल्या उतारावरही एकदा सराव हवा.

शर्यतीआधी सहाव्या आणि तिसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष घाटात जाऊन या. पहिल्या खेपेला दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागेल. दुसऱ्या खेपेला तेच दुखणं बरंच कमी असतं, त्यासाठीच ही फेरी. वहीत १०० मीटर चढाला १ किमी जादा मांडा आणि तेवढे रविवारचे कमी करा.

प्रश्न : मित्रांबरोबर एका आठवड्यात ३० वरून ४८ किमीवर गेलो. डाव्या नडगीची आतली कड दुखते. वय २१. (नाशिक)

उत्तर : धावणं आजच थांबवा आणि कडेवरून बोट दाबत न्या. दुखणं चार-पाच बोटांच्या पट्ट्यात पसरलेलं असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हाडाच्या कडेची सूज आहे. एकाच बिंदूवर कळ येत असेल, रात्री ठणकत असेल किंवा त्या पायावर उडी मारताना दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. अशा वेळी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही, एमआरआय लागतो. ‘एक्स-रे नॉर्मल’ एवढ्यावर पुन्हा पळू नका.

नुसती सूज निघाली तर अर्धा तास चालताना सलग पाच दिवस काहीच दुखलं नाही, की १५ किमीच्या आठवड्यापासून सुरू करा. तीन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, तेही एक दिवसाआड. पहिला महिनाभर मित्रांबरोबर जाऊ नका.