पाऊस किती, यापेक्षा कसा पडला

प्रिय पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. ‘हवामान बदलामुळे पुण्यात डेंग्यू वाढला’ हे वाक्य पहिल्याच पानावर ठोकून दिलंयस. परीक्षक लगेच विचारतील, वाढला तो कसा?

तापमानापासून सुरुवात कर. रुग्णाचं रक्त प्यायल्यावर विषाणू एडिस डासाच्या पोटातून लाळेत उतरायला साधारण 8 ते 12 दिवस लागतात. हवा उबदार असली की ही मुदत घटते. मादी जगते जेमतेम काही आठवडे, त्यामुळे दोन-तीन दिवस वाचले तरी रोग पसरवायला तिला तेवढे जास्त मिळतात. मात्र फार तापलं तर डासही तगत नाहीत; आलेख सतत चढता काढू नकोस.

पावसाची तर वेगळीच तऱ्हा. हंगामाची बेरीज घेऊन बसलीस तर हाती काही लागणार नाही. पाषाणच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा पुण्यातल्या डेंग्यू-मृत्यूंवरचा अभ्यास 2025 मध्ये आला, तो आधी वाच. बेताचा, हंगामभर विभागून पडणारा पाऊस डेंग्यूला पोसतो. आठवड्यात 150 मिलिमीटरच्या वर कोसळला तर अंडी-अळ्या वाहून जातात.

आणि जरा बाहेर पड. पाणी एक दिवसाआड येतं तिथला निळा ड्रम आतून बघ. पाण्याच्या रेघेला काळे ठिपके दिसतील, ती अंडी. कोरडी महिनोन्‌महिने टिकतात, पाणी लागलं की अळी बाहेर. म्हणून ड्रम नुसता ओतून भागत नाही, घासावा लागतो. उन्हाळ्यात पाणीकपात आली की लोक जास्त साठवतात. म्हणजे टंचाईसुद्धा डासांच्या पथ्यावर. हे तुझ्या आराखड्यात कुठेच नाही!

फक्त वस्त्याच धरू नकोस. 2024 मध्ये झिकाचे (तोही एडिस डासच पसरवतो) सुरुवातीचे रुग्ण एरंडवण्यासारख्या सुखवस्तू भागात सापडले. कुंड्यांखालच्या ताटल्या, बांधकामांवरच्या टाक्याही पाहा. आणि 2025 चं जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) यात कोंबू नकोस. तिथे बोट दूषित पाण्याकडे होतं, डासांकडे नाही.

पुढच्या वेळी येताना आठवडानिहाय पाऊस आण. एकट्या शिवाजीनगरच्या हवामान केंद्राचा नको, लोहगावचाही. पाऊस आणि रुग्ण एकाच आठवड्यात जुळवू नकोस, मधे अंतर सोड. किती, ते आकडे समोर ठेवून ठरवू.

तुझे,
सर