घरापासून दीड किलोमीटरवरच्या शेतात इंटरनेट न्यायचंय, कोणतं उपकरण घेऊ?

मोठ्या अँटेनाचा राऊटर घेऊ नका. त्याचा सिग्नल शेतात पोचला, तरी मोबाईलचा क्षीण सिग्नल परत येत नाही. ५ गिगाहर्ट्झच्या, एकाच दिशेने सिग्नल फेकणाऱ्या बाहेर लावायच्या युनिटची जोडी घ्या, एक घरी, एक शेतात. टीपी-लिंक सीपीई५१० या अंतराला पुरतं.

खरी अडचण झाडांची. दोन्ही टोकं एकमेकांना दिसली म्हणजे झालं असं नाही. मध्यावर सरळ रेषेभोवती साधारण साडेचार मीटर त्रिज्येची जागा लागते, रेषेपासून त्या त्रिज्येच्या निदान ६० टक्के अंतरापर्यंत ती मोकळी हवी. ओली पालवी सिग्नल खाते, म्हणून पावसाळ्याचा विचार करूनच खांबाची उंची ठरवा. अर्थिंग कराच.

शेतावर दोन-तीन ॲक्सेस पॉइंट (मोबाईलला वाय-फाय देणारी उपकरणं) लावणार असाल तर प्रत्येकाला केबल ओढा. २.४ गिगाहर्ट्झला चॅनेल १, ६, ११ वाटून द्या, म्हणजे त्यांचे सिग्नल एकमेकांत मिसळणार नाहीत.