गिअरच्या दात्यांमधले तेल पिळून का निघत नाही?

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमधील गिअरबॉक्सचे तेल मे महिन्यात इतके पातळ होते की डिपस्टिकवर ते ठरत नाही. मग एवढा भार पेलणाऱ्या दात्यांमधून ते पिळून बाहेर कसे पडत नाही? (एक वाचक, हिंगणा एमआयडीसी, नागपूर)

उत्तर : डिपस्टिकवर आपण पाहतो ते तेल वातावरणाच्या दाबाखालचे असते. दोन दाते ज्या अरुंद पट्ट्यात एकमेकांना टेकतात, तेथे मात्र दाब १ गिगापास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या सुमारे १०,००० पटींपर्यंत, सहज जातो. दाब वाढला की तेलाची श्यानता (घट्टपणा, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध) घातांकी गतीने वाढते, असा नियम भौतिकशास्त्रज्ञ कार्ल बारूस यांनी १८९३ मध्ये मांडला. खनिज तेलाचा नेहमीचा गुणांक घेऊन त्यानुसार हिशेब केला, तर १ गिगापास्कलला श्यानता कोट्यवधी पटींनी वाढलेली निघते. इतक्या वरच्या दाबाला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण रोख तोच राहतो.

असे होण्याचे कारण रेणूंच्या रचनेत आहे. तेलाचे आकारमान साधारण पाचव्या हिश्श्याने घटते, रेणूंमधली मोकळी जागा संपते आणि एकमेकांवरून सरकायला त्यांना वावच उरत नाही, त्यामुळे तेल काचेसारखे, स्फटिक न बनताच, घट्ट होते. वलययुक्त, ताठर रेणूंचे तेल सरळ साखळीच्या लवचीक रेणूंपेक्षा लवकर घट्ट होते. रेणू जितका गुंतागुंतीचा तितका दाबाचा परिणाम मोठा, हे पुढे १९४६ चे नोबेल मिळवणाऱ्या पर्सी ब्रिजमन यांच्या १९२६ च्या मोजमापांतून दिसले होते. दाते पुढे सरकताच, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत, तेल पुन्हा वाहते होते. वापरलेले मल्टिग्रेड (थंडी आणि उष्णता दोन्हींत चालणारे) तेल कायमचे पातळ होते तो प्रकार वेगळा : त्यात मिसळलेल्या पॉलिमरच्या लांब साखळ्या तुटलेल्या असतात.

म्हणून नागपूरचा उन्हाळा बिनमहत्त्वाचा, असे मात्र नव्हे. दात्यांमधील थर बहुधा एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ असतो आणि त्याची जाडी तेल आत ओढले जाते त्या तोंडाशी ठरते, जेथे दाब अजून कमी आणि तापमानाचा अंमल पूर्ण असतो. भार दुप्पट केला तरी हा थर दहा टक्क्यांहूनही कमी घटतो. गती निम्मी केली, तर जवळपास चाळीस टक्क्यांनी. तेव्हा धास्ती घ्यायची ती गरम तेलावर संथ फिरणाऱ्या गिअरची. तेथे गंधक-फॉस्फरसयुक्त ईपी (अतिदाबासाठीचे) तेलच उपयोगी पडते, कारण थर तुटल्यावर त्यातील रसायने पोलादावर संरक्षक लेप धरतात.

तेल हाताला पातळ लागते एवढ्यावरून ग्रेड बदलू नये. तेलाच्या ग्रेडमधला व्हीजी (श्यानता-श्रेणी) आकडा ४० अंश सेल्सिअसची श्यानता सांगतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा त्याच्या वर असतो. गिअरबॉक्स पूर्ण भारावर चालू असताना तेलाचे तापमान मोजावे आणि त्या तापमानाची श्यानता निर्मात्याच्या तक्त्याशी ताडून पाहावी.